माळवदावरून सुमोपर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, करिअरवर बोल. पोरांना फायदा होईल.’ मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण खरं सांगते, करिअरवर बोलायचं म्हटलं की मला स्वतःलाच झोप येते. तुम्हालाही येईल, जेवणं झालेली आहेत. म्हणून मी आज माझ्या एका वेडाबद्दल बोलणार आहे. गेली दहा-अकरा वर्षं मी जपानच्या सुमो कुस्तीची चाहती आहे. हसा, हरकत नाही. माझ्या घरीही हसतात. पण त्या वेडातून मला आपल्या दहावीच्या वर्गाबद्दल एक गोष्ट उमगली, आणि ती मला आज इथे, सरांच्या आणि बाईंच्या समोरच सांगायची आहे.

सुरुवात घाटनांदूरपासूनच करते. आपल्या जत्रेतल्या कुस्त्या आठवतात का? दुपारी ऊन कलायला लागलं की हलगी वाजायची. गावोगावचे पैलवान यायचे. पोरं फडाभोवती दाटीवाटीने बसायची. आम्हा मुलींना तिकडे फिरकायची सोय नव्हती. कुणी ‘नाही’ असं म्हणायचंही नाही. जायचं नसतं एवढं आम्हाला माहीत असायचं. मग आम्ही चार-पाच जणी एका मैत्रिणीच्या माळवदावर चढायचो. तिथून माणसांच्या डोक्यांपलीकडे मातीचा लाल तुकडा दिसायचा आणि त्यात दोन छोटी छोटी माणसं. डाव काय पडला ते कळायचं नाही. कोण जिंकलं हे हलगीच्या आवाजावरून आणि उडालेल्या फेट्यांवरून ओळखायचं.

आमचे अण्णा कुस्तीचे भारी शौकीन. स्वतः कधी लंगोट बांधला नाही, पण कुठे फड आहे कळलं की दुकानाला कुलूप. संध्याकाळी घरी आले की मी विचारायची आणि ते जेवता जेवता सांगायचे : धोबीपछाड कसा बसला, ढाक कशी लागली. लातूरकडच्या हरिश्चंद्र बिराजदार मामांची गोष्ट तर किती वेळा ऐकली. ते महाराष्ट्र केसरी झाले, 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. पहिली महाराष्ट्र केसरी 1961 साली आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला झाली, हेही मला अण्णांकडूनच कळलं. त्यामुळे कुस्ती माझ्या डोक्यात होती ती कानाने ऐकलेली आणि लांबून पाहिलेली.

जत्रेत आधी लहान पोरांच्या कुस्त्या व्हायच्या, रेवड्यांवर. मग नारळावर. मग पाच रुपये, अकरा रुपये असं करत करत शेवटची मोठ्या इनामाची. आम्ही नववीत असताना आपल्याच वर्गातल्या एका मुलाने नारळाची कुस्ती मारली. नाव घेत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो फुटलेल्या नारळाचं खोबरं डब्यात घेऊन वर्गात आला होता आणि मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटला होता. मुलींच्या रांगेतही. त्याला परत येऊ.

आता एकदम 2015 सालात या. मी पुण्यात नोकरीला होते. आमचं काम एका जपानी कंपनीसाठी चालायचं. थोडीफार जपानी भाषा शिकले होते, म्हणून काही महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं. तिथल्या ऑफिसात एक ज्येष्ठ गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी एकदा विचारलं, ‘तुमच्याकडे कुस्ती असते का?’ मी तुटक्याफुटक्या भाषेत त्यांना हलगी, लाल माती आणि नारळ सांगितला. ते म्हणाले, ‘मग तुम्ही सुमो पाहायलाच पाहिजे. पण संध्याकाळी जाऊ नका, सकाळी जा.’

मे महिन्यातला एक रविवार होता. टोकियोत र्‍योगोकू नावाच्या भागात कोकुगिकान हे सुमोचं मोठं सभागृह आहे, अकरा हजार माणसं बसतील एवढं. त्याच दिवशीची स्वस्त तिकिटं सकाळी रांग लावून मिळायची. तिकीट काढून मी आत गेले, तर सभागृह जवळजवळ रिकामं. मधोमध मातीचा चौथरा, त्यावर साडेचार मीटरच्या आसपास व्यासाचं वर्तुळ, आणि त्यात पंधरा-सोळा ते वीस वर्षांची पोरं एकामागून एक लढत होती. टाळ्या वाजवायला म्हणावं तर त्यांची आई, मामा आणि माझ्यासारखे दोन-चार. मला क्षणात कळलं की या रेवड्यांच्या कुस्त्या आहेत.

नियम अगदी सोपे. वर्तुळाबाहेर पाऊल पडलं की हरला. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की हरला. बऱ्याच कुस्त्या दहा-पंधरा सेकंदांत संपतात. आपल्यासारखं चितपट करेपर्यंत झुंजणं नाही. पण बाकीचं ओळखीचं वाटत होतं. आपले पैलवान शड्डू ठोकतात, तसे ते एकेक पाय वर नेऊन जमिनीवर आपटतात. आपण मातीची पूजा करतो, ते मूठभर मीठ उधळून जागा शुद्ध करतात. आपल्या जत्रेत भोंग्यावर ‘अमक्या शेठकडून एकावन्न रुपये’ असं पुकारतात ना? तिथे इनाम लावणाऱ्यांच्या नावाचे कापडी फलक घेऊन माणसं वर्तुळाभोवती फिरतात, नावं पुकारली जातात आणि जिंकणाऱ्याला पाकिटं मिळतात. मला इतकं हसू आलं की शेजारच्या आजीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना कसं सांगणार की मला अण्णांची आठवण येतेय म्हणून?

दुपारनंतर सभागृह भरत गेलं. संध्याकाळी मोठे मल्ल आले तेव्हा तेच सभागृह गर्जत होतं. आणि माझं लक्ष राहून राहून सकाळच्या पोरांकडे जात होतं. कारण माळवदावरून मला फक्त शेवटच्या मोठ्या कुस्त्या नीट दिसायच्या. खालची सगळी उतरंड मी पहिल्यांदाच पाहत होते.

निघताना मी हा कागद विकत घेतला. आज बरोबर आणलाय. मागच्यांना दिसत नसेल, नंतर जवळ येऊन बघा. याला बान्झुके म्हणतात. प्रत्येक स्पर्धेआधी सुमोतल्या सगळ्या मल्लांची क्रमवारी अशा एका कागदावर येते. सुमोचे पंच ती आजही ब्रशने हाताने लिहितात आणि मग ती छापतात. सुमोत सहा पायऱ्या आहेत, आपण इयत्ता म्हणू. वरच्या ओळीत सहावीतले, म्हणजे सर्वोच्च गटातले मल्ल, ठळक मोठ्या अक्षरात. त्यांच्यातला सर्वांत मोठा योकोझुना. 2025 पर्यंतच्या सगळ्या इतिहासात अधिकृत यादीत फक्त 75 योकोझुना झाले. खाली उतरत जावं तशी अक्षरं बारीक होत जातात. शेवटच्या ओळीतली नावं इतकी बारीक, केसाएवढ्या रेघांची, की त्या ओळीतल्या मल्लांना गमतीने ‘भिंग’ असंच म्हणतात. वाचायला भिंग लागतं म्हणून. मी भिंगही आणलंय.

पण सगळी नावं आहेत. सहाशेच्या वर. काल जो जिंकला तो आहे आणि ज्याला एकही कुस्ती जिंकता आली नाही तोही आहे. एकाच कागदावर. कागद एवढा गच्च भरलेला असतो की दोन अक्षरांमध्ये फट दिसू नये.

पुण्याला परत आले आणि व्याधी लागली. वर्षात सहा स्पर्धा असतात, विषम महिन्यांत : जानेवारी, मे आणि सप्टेंबर टोकियोत, मार्च ओसाकात, जुलै नागोयात, नोव्हेंबर फुकुओकात. प्रत्येक स्पर्धा 15 दिवसांची. तिकडे संध्याकाळचे पाच-सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड ते अडीच. म्हणजे नेमकी माझी जेवणाची सुट्टी. एका हातात डबा, समोर मोबाइलवर एनएचके वर्ल्ड. ऑफिसातली नवी पोरं म्हणतात, ‘मॅम, आज तुमच्या जाड्यांचं काय झालं?’ मी त्यांना सांगते, बाळांनो, ते जाडे म्हणजे नुसती चरबी नाही, त्यांच्यातले कित्येक जण पाय फाकवून छाती जमिनीला टेकवतात. तुम्ही खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणता.

त्या 15 दिवसांचा हिशोब समजून घ्या, पुढचं त्यावर आहे. वरच्या दोन गटांत रोज एक कुस्ती, एकूण 15. आठ जिंकल्या की तुम्ही साधारण वर सरकता. आठ हरल्या की खाली. दुखापतीने आला नाहीत, तरी ते हरण्यातच धरतात. खालच्या चार गटांत सात कुस्त्या असतात. पगार फक्त वरच्या दोन गटांना. त्याखाली घसरलात की पगार बंद, स्वतंत्र खोली नाही, हाताखाली माणसं नाहीत. अगदी खालच्या दोन गटांना थंडीतही साधा सुती किमोनो आणि पायात लाकडी खडावा. तालमीतला स्वयंपाक, झाडलोट, वरच्यांची सेवा हे खालच्यांचं काम. आणि दर दोन महिन्यांनी तुमची जागा या कागदावर सगळ्या देशाला दिसते.

मी टोकियोत होते त्या मेमधली स्पर्धा तेरुनोफुजी नावाच्या मल्लाने जिंकली. मूळचा मंगोलियाचा, सहा फुटांच्या बराच वर, 23 वर्षांचा. त्याचं ते पहिलं विजेतेपद. लगेच त्याला ओझेकी ही पदवी मिळाली, म्हणजे योकोझुनाच्या खालची. सगळे म्हणत होते, आता वर्षभरात योकोझुना. मी त्याचीच चाहती झाले. जिंकणाऱ्याचं चाहतं होणं सोपं असतं.

मग त्याचे गुडघे गेले. शस्त्रक्रिया झाल्या. मधुमेह निघाला, आणखी आजार निघाले. 2017 मध्ये ओझेकी पद गेलं. 2018 मध्ये तो पहिल्या गटातून दुसऱ्यात आला, मग दुसऱ्यातूनही खाली, म्हणजे पगार बंद. मग कित्येक महिने आखाड्यात आलाच नाही, आणि न येणं म्हणजे हरणं, त्यामुळे प्रत्येक कागदावर नाव आणखी खाली, आणखी बारीक. त्याने वस्तादांना अनेकदा सांगितलं की मला निवृत्त होऊ द्या. वस्ताद स्वतः जुने योकोझुना. ते म्हणाले, आधी अंग बरं कर, निवृत्तीचं मग बघू.

मार्च 2019 मध्ये तो परत आला. सहावीच्या वर्गात दुसऱ्या मानाचा असलेला माणूस, आता खालून दुसऱ्या इयत्तेत. ओझेकी राहिलेला मल्ल इतक्या खालून परत लढायला आला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. टोकियोच्या त्या गृहस्थांना विनंती करून मी त्या स्पर्धेचा कागद मागवला. हा दुसरा. 2015 च्या कागदावर त्याचं नाव वरच्या ओळीत आहे, इथून तुम्हाला दिसेल एवढं मोठं. 2019 च्या कागदावर ते चौथ्या ओळीत आहे आणि मला ते शोधायला बराच वेळ लागला.

सकाळची वेळ, रिकाम्या खुर्च्या, समोर कोवळी पोरं, आणि हा 27 वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना जाडजूड पट्ट्या बांधलेला. मी नंतर त्या कुस्त्यांची चित्रफीत पाहिली. तो आला, वाकून नमस्कार केला, जिंकला, परत नमस्कार केला आणि गेला. सातच्या सात कुस्त्या जिंकला. मग प्रत्येक स्पर्धेत थोडं थोडं वर. जुलै 2020 मध्ये तो सर्वोच्च गटात परत आला, त्या गटाच्या तळाशी, सतराव्या क्रमांकावर. आठवा, कोरोनाचे दिवस होते, आपण सगळे घरात कोंडलेले. नागोयाची स्पर्धा टोकियोत घेतली होती, प्रेक्षक मोजके. मी घरातल्या ओट्यापाशी मोबाइल टेकवून बघत होते. 15 पैकी 13 कुस्त्या जिंकून त्याने विजेतेपद मिळवलं. पहिल्या विजेतेपदानंतर पाच वर्षांनी. पोळी करपली. पुढच्या वर्षी, जुलै 2021 च्या स्पर्धेनंतर, तो 73 वा योकोझुना झाला. एकूण दहा विजेतेपदं मिळवून जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाला, आणि आज तो त्याच तालमीचा वस्ताद आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं, बाईंनी शेवटी प्रेरणादायी गोष्ट सांगितलीच. थांबा. त्याच्या बरोबरीने घसरलेले कितीतरी मल्ल परत वर आले नाहीत. बहुतेक जण येतच नाहीत. या कागदावरच्या बहुतेक नावांना आयुष्यात एकदाही पगार मिळत नाही. मला त्याच्या योकोझुना होण्याइतकाच तो 2019 चा कागद महत्त्वाचा वाटतो. तो घसरला म्हणून कुणी त्याचं नाव काढलं नाही. जिथे आहे तिथे लिहिलं. आणि त्यालाही ते तिथे लिहिलेलं चाललं.

मला ते चाललं नव्हतं. ते आता सांगते.

सर, 1996 साली दहावीत तुम्ही माझं नाव फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं. गावात पेढे वाटले होते. बारावी झाली, तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेले. दुसऱ्या वर्षी माझे इतके विषय राहिले की तिसऱ्या वर्षात बसता आलं नाही. एक पूर्ण वर्ष घरी बसण्याची वेळ आली. कारणं होती, पण सगळ्यांत मोठं कारण असं की पहिल्यांदाच काहीतरी येत नव्हतं आणि ते कुणाला विचारायची मला लाज वाटत होती.

ते वर्ष मी गावात फारशी आलेच नाही. आले तर अंधार पडल्यावर एसटीतून उतरायची. अण्णा आणि आई सोडून कुणालाही सांगितलं नाही. सर, तुम्ही एकदा बाजारात भेटलात आणि विचारलंत, ‘कोणतं वर्ष?’ मी म्हटलं, ‘तिसरं.’ तुम्ही पाठीवर थाप मारलीत. मी खोटं बोलले होते. 2002 ला संपायची डिग्री 2003 ला संपली. आजपर्यंत कुणी हिशोब केला नाही, म्हणून खपून गेलं. मला ते एवढ्या वर्षांनी तुमच्यासमोर दुरुस्त करायचं होतं. तेवढं एक वर्ष माझ्या नावापुढे खालच्या ओळीत लिहा.

सुमोचं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. 2007 साली एका तालमीत 17 वर्षांचा शिकाऊ मुलगा मारहाणीने मेला. तो काही खेळाचा भाग नव्हता, गुन्हा होता. आणि बायकांना त्या चौथऱ्यावर आजही पाय ठेवता येत नाही. 2018 च्या एप्रिलमध्ये माइझुरू शहरात एक महापौर चौथऱ्यावर भाषण करता करता कोसळले. प्रेक्षकांतून बायका धावल्या, छाती दाबून त्यांना वाचवायला लागल्या, तर पंच भोंग्यावरून पुकारायला लागला की बायकांनी चौथऱ्यावरून उतरावं. नंतर संघटनेच्या प्रमुखांनी माफी मागितली, पण नियम तोच राहिला. ते पाहून मी एक अख्खी स्पर्धा पाहिली नाही. मग परत पाहायला लागले. याचं माझ्याकडे नीट उत्तर नाही. मी जत्रेतली कुस्ती माळवदावरून पाहिली आणि सुमो मोबाइलवरून. दोन्हीकडे वर्तुळाच्या आत मला जागा नव्हती. आपल्याकडे मात्र बदललं. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी ती गदा घेऊन उभी राहिली. अण्णा असते तर दुकानाला कुलूप लावून गेले असते, आणि या वेळी मला घेऊन गेले असते.

आता शेवटचं. काल दुपारी मी गावात पोचले. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपला तो नारळवाला वर्गमित्र भेटला. वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं. मी हाक मारली.

‘म्याडम, कवा आलाव?’ तो म्हणाला.

‘मॅडम काय म्हणतोस रे. उद्या येणार ना मेळाव्याला?’

‘आमचं काय काम तिथं? आमी नापास झालेलो दहावीला. ती बॅच तुमची, पास झालेल्यायची.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून सहज बोलला, एखाद्याने आपलं गाव सांगावं तसं. मला पुढे काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, ‘तुझा नारळ मला आठवतो. माळवदावरून पाहिला होता.’

तो हसायला लागला. म्हणाला, ‘आवो, पुढच्या साली त्याच पोरानं मला चितपट केलं. ते न्हाई बगितलं का?’

ते मी पाहिलं नव्हतं. दहावीचं वर्ष होतं, अभ्यास करत बसले होते.

मग मी त्याला मोबाइलवर तेरुनोफुजीची 2019 ची एक कुस्ती दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली. मी ज्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं ते त्याने पाहिलं. म्हणाला, ‘ह्याचं गुडघं दुखालेत, म्हणून ह्यो ढकलीना गेलाय. पट्टा धरून जवळ ओढालाय बगा.’ दहा वर्षं मी पाहतेय, आणि त्याने दोन मिनिटांत सांगितलं. मग विचारलं, ‘हरलेल्याला काय भेटतं?’

मी म्हटलं, ‘खालच्या गटात काही नाही. पुढच्या कागदावर नाव असतं.’

‘मंजी नाव ऱ्हातं,’ तो म्हणाला, आणि चष्मा खाली ओढून कामाला लागला.

रात्री मी आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. दहावीच्या आपल्या तुकडीच्या हजेरीपटावर आपण साठ-एकसष्ट होतो. ग्रुपवर आहेत चौतीस. उरलेले कोण, मी आठवत बसले. एक-दोन जण वारले. काही मुलींची लग्नं दहावीआधी किंवा निकालाच्या उन्हाळ्यात झाली, त्यांचे नंबर कुणाकडे नाहीत. आणि बाकीचे बहुतेक जण त्या वर्षी नापास झालेले. त्यांना कुणी मुद्दाम वगळलं नाही. मुलींना फडात जायला कुणी मनाई केली नव्हती ना, तसंच हे. आणि मी, जिचं एक वर्ष गेलं, ती मात्र आज व्यासपीठावर बसलेली, कारण माझं नापास होणं गावाला माहीत नव्हतं आणि त्यांचं माहीत होतं. त्यांच्यात आणि माझ्यात फरक असलाच तर एवढाच.

म्हणून संयोजकांना माझी एक विनंती आहे. या मेळाव्याची जी स्मरणिका निघणार आहे, तिच्यात शेवटी ‘1996 ची बॅच’ म्हणून जी यादी येईल ती निकालावरून करू नका. हजेरीपटावरून करा. दहावीच्या जूनमध्ये जे जे वर्गात बसले होते, ते सगळे. पुढे ‘इंजिनिअर’, ‘डॉक्टर’, ‘सरपंच’ असं काही लिहू नका. नुसती नावं, हजेरीच्या क्रमाने, जसं सर रोज सकाळी घ्यायचे. जे गेले त्यांचीही. ज्या मुलींची नावं सासरी बदलली, त्यांची हजेरीपटावरची. जागा कमी पडली तर अक्षर बारीक करा, भिंगाने वाचू. पण कुणाचं नाव गाळू नका.

आणि यादी झाली की प्रत्येकाच्या घरी एकेक प्रत पोचती करायची. डाकेने नाही, हाताने. वाटून घेऊ. वेल्डिंगच्या दुकानात मी जाईन. यादी टाइप करायचं कामही माझ्याकडे द्या, तेवढं मला येतं.

सर, तुमच्याकडे ते जुने हजेरीपट अजून असतील किंवा शाळेच्या कपाटात असतील. चहा झाल्यावर आपण बघू या का?